‘किती छान बोलता हो तुम्ही!’

मंडी हाउसला ‘मौलाना आझाद’ हे नाटक मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा बाहेर पडताना जिन्यावर एकच वाक्य कानावर आलं. पहिल्यांदा ते एका वयस्क गृहस्थांच्या तोंडून आलं, दुसऱ्यांदा कॉलेजातल्या एका मुलीच्या. शब्द थोडे वेगळे, मतलब एकच: अंग्रेज असून काय उर्दू बोलतो! दुसऱ्या खेपेला मला राहवलं नाही. मागे वळून म्हणालो, “अंग्रेज नहीं हैं, मसूरी के हैं.” मुलगी हसली. तिला वाटलं, मी विनोद केला.

टॉम ऑल्टर २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत गेले. त्यानंतरच्या आठवड्यात हिंदी, इंग्रजी आणि मराठीत जेवढं म्हणून वाचायला मिळालं, त्यात हेच वाक्य निरनिराळ्या कपड्यांत फिरत होतं. गोरा असूनही अस्खलित उर्दू. निळ्या डोळ्यांचा साहेब, पण मनानं भारतीय. परदेशी चेहऱ्याचा आपला माणूस. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. माझं भांडण त्या हेतूशी नाहीच. ‘असूनही’ आणि ‘पण’ या दोन शब्दांशी आहे.

माणूस २२ जून १९५० रोजी मसुरीत जन्मला. आजी-आजोबा १९१६ साली अमेरिकेतल्या ओहायोहून मिशनरी म्हणून आले आणि लाहोरकडे राहिले. फाळणीनं घराचे दोन तुकडे केले आणि आईवडील सरहद्दीच्या अलीकडे राहिले. घरात वडील बायबल उर्दूतून वाचायचे. पोरगा राजपूरच्या डोंगरात वाढला, वुडस्टॉक शाळेत शिकला, हरियाणातल्या जगाधरीत मास्तरकी करू लागला, तिथे ‘आराधना’ पाहून राजेश खन्नाच्या प्रेमात पडला आणि १९७२ ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रोशन तनेजांच्या हाताखाली येऊन बसला. १९७४ ला सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. यात ‘असूनही’ म्हणण्यासारखं काय आहे? ज्या घरात उर्दू आहे, ज्या गावात हिंदी आहे, तिथे वाढलेल्या मुलाला ती भाषा यायची नाही तर काय डच येणार? आश्चर्य वाटायचंच असेल तर याचं वाटावं, की सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात या माणसाला आपण रोज नव्यानं आश्चर्य वाटून घेत राहिलो.

हे कौतुक म्हणजे सभ्य भाषेतली हद्दपारी आहे, असं माझं म्हणणं आहे. ‘तुम्ही आमची भाषा किती छान बोलता’ असं आपण कधी आपल्या चुलत्याला म्हणत नाही. जो दाराबाहेर उभा आहे असं आपण धरून चालतो, त्यालाच म्हणतो. वाक्य गोड असतं आणि दार बंद असतं.

सिनेमावाल्यांनी ते दार वेगळ्या पद्धतीनं बंद केलं. तीनशेच्या घरात सिनेमे केले म्हणतात. त्यातले किती तरी आठवून पाहा: कॅप्टन, कमिशनर, जेलर, स्मगलर, लॉर्ड. ‘सरदार’मध्ये माउंटबॅटन. हिंदी सिनेमाला इंग्रज अधिकाऱ्याची गरज कायम पडते, कारण देशभक्तीच्या तिसऱ्या रिळात कुणाला तरी चाबूक उगारायचा असतो. ती गरज भागवायला एक माणूस हाताशी होता आणि तो संवाद पाठ करून यायचा. आमच्याकडे ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द मोठा भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच, की तुमच्या चेहऱ्याला एकदा जे दुकान मिळालं, तेच मरेपर्यंत चालवायचं. ललिता पवारांना विचारा, निरूपा रॉयना विचारा. रीमा लागूंनी ‘मैंने प्यार किया’त सलमानच्या आईचं काम केलं तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, मुलापेक्षा फार तर सात वर्षांनी मोठ्या. त्याच सिनेमात लक्ष्मीकांत बेर्डे घरचा नोकर होता. मराठी रंगभूमीवर ज्याच्या नावावर बुकिंग व्हायचं, तो मुंबईच्या हिंदी सिनेमात शिरताना गड्याच्या दारानं शिरला.

याबद्दल आपण मराठी माणसं फार बोलतो आणि रास्तच बोलतो. हिंदीत मोलकरीण म्हटली की शांताबाई, हवालदार म्हटला की शिंदे किंवा कदम, आणि त्यांचं ते ‘क्या बोलता है साब’. दिल्लीतल्या मराठी घरात हा विषय निघाला की चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो. मग त्याच घरात टीव्हीवर मराठी मालिका लागते. तिच्यात दूधवाला भय्या ‘हम का बताएं’ म्हणतो आणि सगळे पोट धरून हसतात. इडलीवाला अण्णा आला की पुन्हा हसतात. आपल्याला बोचतं ते नेमकं काय आहे, असा मला प्रश्न पडतो. साचा बोचतो, की साच्यात आपण असणं?

ऑल्टरांच्या बाबतीत सगळ्यात मासलेवाईक उदाहरण ‘गांधी’चं आहे. १९८२ चा सिनेमा. ३१ जानेवारी १९८१ ला इथे राजपथावर अंत्ययात्रेचं चित्रण झालं, तीनेक लाखांचा जमाव होता, आणि दिल्लीतले जुने लोक अजूनही आपण त्या गर्दीत होतो हे सांगतात. (सगळ्यांचं खरं मानलं तर जमाव दहा लाखांचा होईल.) त्यात गांधींचं काम यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या, इंग्लंडच्या रंगभूमीवर घडलेल्या बेन किंग्जलीनं केलं. वडील गुजराती वंशाचे, हे मान्य; पण ते नट इंग्लंडचेच. उत्तम काम केलं, ऑस्कर मिळालं, आपण टाळ्या वाजवल्या. आमच्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. या दिल्लीच्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकलेल्या, त्यांना त्या कामासाठी ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि मसुरीत जन्मून पुण्यात शिकलेले टॉम ऑल्टर? आगाखान पॅलेसमधला डॉक्टर. गोरा डॉक्टर. पडद्यावर जेमतेम काही क्षण. म्हणजे इंग्लंडच्या नटानं गांधी व्हायचं आणि गढवालच्या नटानं इंग्रज व्हायचं, आणि दोन्ही आपल्याला अगदी नैसर्गिक वाटतं. यात तर्क शोधायला गेलं तर एकच सापडतो: कातडी.

त्या तर्कालाही सिनेमावाले जागत नाहीत, हे आणखी पुढचं. २०१४ ला मेरी कोमवर सिनेमा निघाला तेव्हा मणिपूरच्या बॉक्सरचं काम प्रियंका चोप्रानं केलं. तेव्हा चेहऱ्याचा नियम कुठे गेला? ईशान्येची मुलगी पंजाबी घरातल्या नायिकेची मैत्रीण होऊ शकत नाही, ‘प्रेक्षकाला पटणार नाही’ म्हणून. पण पंजाबी घरातली नायिका ईशान्येची मुलगी होऊ शकते, कारण तिच्यावर पैसे लागलेले असतात. म्हणजे चेहऱ्याचा नियम लहान नटासाठी आहे. मोठ्याला मेकअप आहे.

दिल्लीत राहणाऱ्याला हा नियम पडद्यापुरता राहत नाही हेही ठाऊक असतं. मुनिरका आणि हुमायूनपूरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलांना रोज ‘कहां के हो’ विचारलं जातं आणि उत्तर दिल्यावर ‘हिंदी तो अच्छी बोलते हो’ हे बक्षीस मिळतं. २०१७ च्या मार्चमध्ये, ऑल्टर गेले त्याच वर्षी, ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं. मी सिनेमाला त्याबद्दल दोषी धरत नाही. एवढंच म्हणतो, की चेहरा पाहून माणसाचं ‘पात्र’ ठरवायची सवय आपल्याला आहे, आणि सिनेमानं तिच्यावर तिकीट लावलं.

कुणी म्हणेल, हे जगभर असंच चालतं. चालतं. हॉलिवूडची गोष्ट तर अधिक क्रूर आहे. कॉनराड फाइट हा जर्मन नट, बायको ज्यू, हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालीच देश सोडून निघाला. अमेरिकेत त्याला कामं कसली मिळाली? नाझींची. ‘कॅसाब्लांका’तला तो थंड डोळ्यांचा मेजर स्ट्रासर म्हणजे हाच माणूस. ज्यांच्यापासून पळाला, त्यांचा गणवेश चढवून पोट भरायचं. त्याच सिनेमातला पीटर लॉरी, हंगेरियन ज्यू, फ्रिट्स लांगच्या ‘एम’मध्ये अंगावर काटा आणणारा खुनी. तोही १९३३ लाच जर्मनीतून निघालेला. त्याला तर हॉलिवूडनं जपानी गुप्तहेर बनवून मिस्टर मोटोचे आठ सिनेमे काढले. बोलण्यात परकेपणा आहे ना? मग कुठलाही परका चालेल.

पण ते नट निदान दुसऱ्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत उभे होते. ऑल्टर स्वतःच्या गावात उभे होते. फरक इथे आहे. फाइटचे उच्चार जर्मन होते म्हणून त्याला जर्मन केलं. ऑल्टरांचे उच्चार आपल्याहून स्वच्छ होते, आणि तरीही दिग्दर्शक त्यांना ते बिघडवायला लावत: ‘टुम हिंडुस्टानी लोग’. ज्याला ‘काफ’ आणि ‘क़ाफ़’ यांतलं अंतर जिभेनं दाखवता येतं, त्याला ‘त’चा ‘ट’ करायचे पैसे द्यायचे! १९९३ च्या ‘ज़बान संभाल के’ मालिकेत तर पंकज कपूरांच्या वर्गात हिंदी शिकायला बसलेला इंग्रज म्हणून ते आले. मालिका मजेदार होती, मीही हसलो आहे. पण वर्गातल्या बाकावर बसलेला तो माणूस उठून फळ्यापाशी गेला असता तर पूर्ण वर्गाला, आणि आम्हा प्रेक्षकांनाही, बऱ्याच गोष्टी शिकवू शकला असता.

अपवाद झाले नाहीत असं नाही. ‘परिंदा’तला मुसा होता. ‘राम तेरी गंगा मैली’त ते मंदाकिनीचे भाऊ होते, गंगोत्रीकडचे, म्हणजे खरोखर आपल्याच मुलखातले. दूरदर्शनवरच्या ‘जुनून’मध्ये केशव कलसी नावाचा गुन्हेगारी जगातला बडा माणूस त्यांनी वर्षानुवर्षं केला, आणि घराघरांत कुणाला प्रश्न पडला नाही की कलसी आडनावाच्या माणसाचे डोळे निळे कसे. दोन भागांनंतर प्रेक्षक डोळ्यांकडे बघायचं सोडतो आणि माणसाकडे बघतो. ‘प्रेक्षकाला पटणार नाही’ ही निर्मात्याच्या मनातली भीती आहे. प्रेक्षकाचं नाव तिला उगाच लावलेलं आहे.

याचा पुरावा तर आम्हा मराठी लोकांच्या घरात पडला आहे. ऑल्टरांचे आजी-आजोबा जहाजातून उतरले त्या १९१६ सालीच ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. त्यात रुक्मिणी कोण होती? नारायण श्रीपाद राजहंस. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष. आमच्या पणज्यांनी त्याला रुक्मिणी मानलं, एवढंच नाही, शालू कसा नेसायचा आणि अंबाड्यात फूल कुठे खोवायचं हे त्याच्याकडून शिकून घेतलं. ज्या समाजानं पुरुषाच्या देहातली भामिनी आणि रुक्मिणी पाहिली, त्याला निळ्या डोळ्यांचा हिंदुस्तानी माणूस दिसू नये? आमची नजर शंभर वर्षांत सुधारली म्हणायची की बिघडली?

या सगळ्यात सत्यजित राय यांनी एक गोष्ट ओळखली होती. ‘शतरंज के खिलाड़ी’त, १९७७ ला, त्यांनीही ऑल्टरांना गोरा कॅप्टनच केलं, पण कॅप्टन वेस्टन हा असा कॅप्टन, की ज्याला उर्दू येते आणि आवडते. जनरल ऊट्रम त्याला समोर उभा करून वाजिद अली शाहबद्दल विचारतो, राजाची कविता म्हणायला लावतो. वेस्टन म्हणतो. ऊट्रमला ती कळत नाही, पण या पोराला ती कळते, याचाच त्याला संशय येतो. रिचर्ड ॲटनबरो आणि टॉम ऑल्टर, दोघं समोरासमोर. भाषा येणं हा गुन्हा ठरू शकतो, एवढंच त्या प्रसंगात आहे. पाच वर्षांनी त्याच ॲटनबरोंनी ‘गांधी’ काढला आणि काय भूमिका दिली ते वर आलंच.

मग दिल्ली. मुंबईच्या सिनेमानं जे दिलं नाही ते इथल्या रंगमंचानं दिलं, आणि या शहराला एरवी शिव्या घालायला मी पुढे असतो म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. एम. सईद आलम यांच्या पिएरोज ट्रूपनं त्यांना मौलाना आझाद केलं, ग़ालिबच्या गोष्टीत घेतलं, बहादुरशाह ज़फ़र केलं. ‘मौलाना आझाद’मध्ये एकटा नट दोन तासांच्या वर उर्दूत बोलतो: मौलाना आपल्या आठवणी हुमायून कबीरांना सांगताहेत, चिडताहेत, सिगारेट ओढताहेत, मधेच स्वतःवर हसताहेत. पहिल्या पाच मिनिटांत मीही गोरेपणा पाहत होतो, खोटं कशाला सांगू. नंतर शेरवानी आणि टोपी उरली. अर्ध्या तासानं फक्त मौलाना उरले.

मी मूळचा नगरचा. आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्या लहानपणी किल्ला म्हणजे लष्कराची जागा, आत जायचं तर एखाद्या राष्ट्रीय दिवसाच्या निमित्तानं शाळेच्या रांगेतून. ‘इथे नेहरूंनी पुस्तक लिहिलं’ एवढं मास्तर सांगायचे. त्याच ओळीतल्या दुसऱ्या खोलीत आझाद होते हे मला दिल्लीत, मंडी हाउसला, चाळिशी उलटल्यावर नीट कळलं. ऑगस्ट १९४२ ला आणलं, जवळजवळ तीन वर्षं ठेवलं. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी ज़ुलेखा बेगम वारल्या, तेव्हा ते आमच्या किल्ल्यात होते. तिथेच त्यांनी ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ची पत्रं लिहिली. एका मित्राला लिहिलेली, टपालात कधीच न पडलेली. पहाटेच्या चहाबद्दल, आणि छतात घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल. आधी त्यांना हाकलायला मौलानांनी युद्ध पुकारलं, मग हार मानली, मग तांदळाचे दाणे टाकू लागले, आणि शेवटी एकेकीला नाव दिलं. माझ्या गावच्या चिमण्या उर्दू साहित्यात आहेत, आणि ते मला मसुरीच्या माणसानं सांगावं लागलं.

आणि या मौलानांचा जन्म कुठला? मक्केचा. १८८८. आई अरब. दोनेक वर्षांचे असताना कुटुंब कलकत्त्याला आलं. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या तिन्ही अकादम्या आज ज्या रवींद्र भवनात आहेत, ते त्या नाट्यगृहांपासून चालत पाच मिनिटांवर आहे. जन्मस्थान आणि आईचं रक्त हेच मोजायचं ठरवलं, तर मौलाना टॉम ऑल्टरांपेक्षा अधिक परदेशी होते. तेव्हा जिन्यावरच्या त्या दोघांना मी विचारायला हवं होतं: ‘असून’ नक्की कुणी, आणि उर्दू कुणाची?

आता घरची गोष्ट. माझी लेक गाझियाबादला वाढली. घरात मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात नुक्कड नाटकं. मराठी वाचते, लिहिते, भांडते. ‘मला भूक लागून राहिली’सारखं काहीबाही म्हणते कधी कधी, तेही खरं. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला एका नाट्यसंस्थेच्या ऑडिशनला गेली. नाव सांगत नाही. ती एकच संस्था तशी नाही. तिनं एक स्वगत म्हटलं. समोरचे म्हणाले, “अगं, किती छान मराठी बोलतेस तू! दिल्लीची असून!” मग नाटकात तिला काम दिलं. शेजारी राहायला आलेली उत्तरेकडची मुलगी, जी मोडकंतोडकं मराठी बोलते आणि लोक हसतात. तिला त्यांनी तालमीत सांगितलं, “इतकं शुद्ध नको. थोडं बिघडव.”

तिनं ते काम केलं. वीस प्रयोग झाले. मी एक पाहिला. लोक हसले, ती वाईट करत नव्हती. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “खरंच तिकडचीच असणार ही मुलगी.” मी मंडी हाउसच्या जिन्यावर बोललो होतो, तिथे मात्र गप्प बसलो. मुलीचा प्रयोग चालू होता.

लोक मला म्हणतात, तू सिनेमाकडून फार मागतोस. नाटकात कल्पनेला जागा असते, कॅमेरा मात्र चेहरा दाखवतो. दाखवतो की. पण हुमायूनपूरचा चेहरा, मसुरीचा चेहरा आणि गाझियाबादच्या मराठी मुलीचा चेहरा हे या देशातले खरे चेहरे आहेत; वास्तव हवं म्हणणाऱ्याला यांची अडचण का व्हावी? मेट्रोच्या एका डब्यात जेवढे चेहरे असतात तेवढे आमच्या वर्षभराच्या मालिकांत नसतात. वास्तव नको असेल आणि कल्पना हवी असेल, तर बालगंधर्व आहेतच. दोन्हींपैकी काहीतरी एक घ्या. दोन्ही नाकारून वर ‘किती छान बोलता’ म्हणू नका.

मृत्युलेखांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची: पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरची पहिली व्हिडिओ मुलाखत टॉम ऑल्टरांनी घेतली. आम्हा मराठी लोकांना ते फार प्रिय. मुलाखतीत मुलगा लाजून बोलतो, आणि प्रश्न विचारणारा क्रिकेटच्या नादानं वेडा झालेला आहे हे लगेच दिसतं. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, तुम्ही मूळचे कुठले. २००८ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मात्र तो प्रश्न पुन्हा आलाच असणार.

लेक आता पुढच्या ऑडिशनची तयारी करते आहे, मुंबईच्या. यंदा तिला ठरावीक स्वगत नको आहे. चिमण्यांचं पत्र म्हणायचं आहे, मराठीतून, मौलाना म्हणून, शेरवानीशिवाय. भाषांतर माझ्याकडे आलं आहे. उर्दू माझी कच्ची, कोश उघडून बसतो. दोन पानं झाली आहेत. मौलाना छत्री घेऊन चिमण्यांच्या मागे लागतात तिथवर पोचलोय, आणि त्यांच्या त्या लष्करी थाटाच्या वाक्यांना नगरकडची मराठी लावून पाहतोय. लेक म्हणते, बाबा, ही मराठी फार पुण्याची होतेय, थोडी बिघडवा.